अ‍ॅपची सेटिंग्ज रीसेट करण्यापूर्वीची खातरजमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल अ‍ॅपमध्ये ‘सेटिंग्ज रीसेट करा’ या ओळीवर बोट टेकवल्यावर जी लहानशी चौकट उघडते, तिची रचना कशी करावी याविषयी अ‍ॅप बनवणारे, त्याची चाचणी घेणारे आणि त्याचा मराठी मजकूर लिहिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतले आहे : गावच्या दूध संकलन केंद्रावर संस्थेचे सचिव वापरतात ते अ‍ॅप. त्याला वजनकाटा आणि फॅट मोजण्याचे यंत्र ब्लूटूथने जोडलेले असते, पावतीचा प्रिंटर निवडून ठेवलेला असतो, दरपत्रक भरलेले असते आणि भाषा, अक्षरांचा आकार, आवाज अशी नेहमीची सेटिंग्जही असतात. हे अ‍ॅप उदाहरणापुरते कल्पिलेले आहे. अँड्रॉइड, आयफोन इत्यादींविषयीचे तपशील मात्र प्रत्यक्षातले आहेत.

रीसेट करण्यापूर्वी वापरकर्त्याला विचारणे खरोखरच आवश्यक असते का?

प्रत्येक वेळी नाही. विचारावे की नाही हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात : झालेला बदल एका टॅपमध्ये मागे घेता येतो का, आणि घेता येत नसेल तर आधीची स्थिती पुन्हा उभी करण्यास माणसाला किती वेळ आणि कोणाची मदत लागेल. अक्षरांचा आकार मूळ मापावर आणला, तर तो पुन्हा वाढवण्यास काही क्षण पुरतात. तेथे चौकट दाखवणे म्हणजे माणसाला विनाकारण अडवणे होय. वजनकाट्याची जोडणी मात्र निघून गेली आणि ती करून देणारा तंत्रज्ञ तालुक्याच्या गावी बसत असेल, तर सकाळच्या संकलनाला उभ्या राहिलेल्या रांगेचा खोळंबा होतो. असा खोळंबा संभवतो तेथे विचारलेच पाहिजे, आणि नीट विचारले पाहिजे.

वेबवरील सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेब वापरता यावे यासाठीचे, जागतिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेची भूमिकाही याला धरूनच आहे. वापरकर्त्याच्या ताब्यातील माहिती बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या कृतीसाठी तिच्या निकषांत तीन मार्ग दिले आहेत : कृती मागे घेता यावी, किंवा भरलेली माहिती तपासून चुका दुरुस्त करण्याची संधी मिळावी, किंवा अंतिम होण्यापूर्वी खातरजमा करता यावी. यांपैकी किमान एक मार्ग असला पाहिजे, असे निकष सांगतो. म्हणजे खातरजमेची चौकट हा तीन मार्गांपैकी एक आहे, आणि माझ्या मते तिघांतला तो सर्वांत दुबळा.

‘तुम्हाला खात्री आहे का?’ एवढेच विचारले तर काय बिघडते?

या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असेच येते. रीसेटच्या ओळीवर बोट ठेवणाऱ्या माणसाला त्या क्षणी खात्री असतेच, कारण आपण काय करत आहोत हे आपल्याला कळते असे त्याने गृहीत धरलेले असते. त्याच्या निर्धाराबद्दल विचारून हाती काही लागत नाही. त्याच्यापाशी नसलेली माहिती त्याला द्यायची असते.

मानवी चुकांचा अभ्यास करणारे डोनाल्ड नॉर्मन यांनी चुकांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एकात हेतू बरोबर असतो, पण हात चुकतो : ‘भाषा’ या ओळीवर टॅप करायचे होते, बोट खालच्या ‘रीसेट’वर पडले. दुसऱ्यात हात बरोबर पडतो, पण समजच चुकीची असते : प्रिंटर चालत नाही म्हणून ‘रीसेट’ केले की तो चालू होईल, असे वाटते आणि प्रत्यक्षात प्रिंटरसोबत काट्याचीही जोडणी जाते. पहिल्या प्रकारच्या चुकीला कोणतीही चौकट थोडाफार आळा घालते, कारण अनपेक्षितपणे काही उघडले की माणूस दचकतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीपुढे ‘तुम्हाला खात्री आहे का?’ पूर्णपणे निष्प्रभ ठरते. माझ्या अनुभवात सेटिंग्ज रीसेटची खरी हानी याच दुसऱ्या प्रकारातून होते, कारण रीसेटकडे माणूस सहसा चुकून जात नाही; काहीतरी अडले आहे म्हणूनच जातो.

सवयीचा भाग वेगळाच. अ‍ॅपल कंपनीत १९७९ साली मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांचे म्हणणे असे होते, की ज्या खातरजमेला दर वेळी तेच ठरलेले उत्तर द्यावे लागते, ती लवकरच मूळ कृतीचाच भाग होऊन बसते आणि बोट दोन्ही टॅप एका दमात करू लागते. मोबाइलवर हे रोज दिसते. चौकट उघडली की लोक मजकूर न वाचता उजवीकडचे बटण दाबतात.

एकसारख्या मजकुराचा धोका एका गाजलेल्या प्रकरणात नोंदला गेला आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश फोनवर पोहोचण्यास ३८ मिनिटे लागली. त्या इशारा यंत्रणेत पाठवण्यापूर्वी खातरजमा विचारली जात होती. परंतु सराव असो वा खरा इशारा, चौकटीतला मजकूर एकच होता, असे तेथील संघीय दळणवळण आयोगाच्या चौकशीत पुढे आले. पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला हल्ला खरा वाटला होता, त्यामुळे केवळ वेगळ्या मजकुराने ती घटना टळली असती असे म्हणता येत नाही. पण दोन सर्वस्वी भिन्न परिणामांच्या कृतींना एकच प्रश्न विचारणारी चौकट काहीच सांगत नाही, हे तिथे स्पष्ट दिसते.

मग चौकटीत नेमके काय लिहावे?

काय जाईल, काय राहील आणि गेलेले परत आणण्यासाठी काय करावे लागेल, या तीन गोष्टी लिहाव्यात. यांतील दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते आणि वाचणाऱ्याला तीच सर्वांत जास्त हवी असते. ‘रीसेट’ हा शब्द वाचल्यावर सचिवांच्या मनात पहिली भीती येते ती दहा दिवसांच्या दुधाच्या नोंदी पुसल्या जाण्याची. त्या सुरक्षित राहणार असतील, तर तसे स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे; नाहीतर गरज असूनही माणूस रीसेट करणार नाही आणि बिघडलेल्या सेटिंग्जवर दिवस काढत राहील.

अँड्रॉइडमधील अ‍ॅप प्राधान्ये रीसेट करण्याची चौकट या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. बंद केलेली अ‍ॅप्स, बंद केलेल्या सूचना, विशिष्ट कामांसाठी ठरवलेली डीफॉल्ट अ‍ॅप्स, पार्श्वभूमीतील डेटावरची बंधने आणि परवानग्यांवरची बंधने असे काय काय पूर्ववत होईल त्याची यादी ती देते आणि शेवटी अ‍ॅपमधील कोणताही डेटा जाणार नाही असे सांगते. संगणकावरील क्रोम ब्राउझरच्या रीसेटचीही तीच रीत आहे : सुरुवातीचे पान, नवीन टॅबचे पान, शोधयंत्र, पिन केलेले टॅब मूळ स्थितीत येतील, एक्स्टेन्शन बंद होतील, कुकीसारखा तात्पुरता डेटा जाईल, बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड मात्र राहतील. दोन्हीकडे कोणी ‘खात्री आहे का’ असे विचारत बसलेले नाही.

दूध संकलनाच्या अ‍ॅपसाठी पहिला मसुदा अनेकदा असा येतो :

‘चेतावणी! ही क्रिया पूर्ववत करता येणार नाही. आपण निश्चितपणे पुढे जाऊ इच्छिता? — होय / नाही’

त्याऐवजी असे लिहिता येईल :

‘सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीत आणायची?
वजनकाटा, फॅट मशीन आणि प्रिंटर यांची जोडणी निघून जाईल. ती पुन्हा करावी लागेल. भाषा, अक्षरांचा आकार आणि आवाज सुरुवातीसारखे होतील. सभासद, दुधाच्या नोंदी, दरपत्रक आणि बिले आहेत तशीच राहतील. — राहू द्या / सेटिंग्ज रीसेट करा’

दुसरा मसुदा लांब आहे, ही तक्रार रास्त आहे. परंतु ही चौकट वर्षातून एखाद्या वेळी उघडते आणि उघडते तेव्हा माणूस अडचणीत असतो. चार ओळी वाचण्यास तो तयार असतो, मात्र त्या चारही ओळी त्याच्या कामाच्या असाव्यात. ‘चेतावणी’ हा शब्द, उद्गारचिन्ह आणि पिवळा त्रिकोण यांनी जागा अडते, अर्थामध्ये भर पडत नाही. शीर्षक एवढे पूर्ण असावे, की खालचा मजकूर न वाचणाऱ्यालाही निदान कृती कोणती हे कळावे.

ठरावीक मजकूर ठेवावा, की त्या त्या फोनवरील स्थिती पाहून तो बदलावा?

शक्य असेल तेथे बदलावा. प्रिंटर कधी जोडलेलाच नसेल, तर ‘प्रिंटरची जोडणी निघून जाईल’ हे वाक्य वाचणाऱ्याला गोंधळात टाकते. जोडलेल्या यंत्राचे नाव अ‍ॅपला ठाऊक असेल, तर ते नाव लिहावे. आणखी एक पायरी पुढे जाता येते : सकाळच्या पाळीचे संकलन चालू असताना रीसेटची ओळ दाबली, तर चौकटीऐवजी ‘सकाळची पाळी बंद केल्यावर सेटिंग्ज रीसेट करता येतील’ एवढे सांगून थांबावे. भलत्या वेळी होऊच नये अशा कृतीची परवानगी विचारणे ही रचनाकाराने अंग काढून घेण्याची युक्ती आहे.

कोणती गोष्ट ‘सेटिंग’ धरावी आणि कोणती ‘माहिती’?

रीसेटच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते आणि चौकट कितीही चांगली लिहिली तरी ही रेषा चुकलेली असेल तर ती सावरून घेता येत नाही. प्रोग्रॅमर सहसा साठवणुकीच्या जागेवरून ठरवतो : अँड्रॉइडमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस किंवा डेटास्टोअरमध्ये आणि आयफोनवर यूजर डीफॉल्ट्समध्ये जे ठेवले ते सेटिंग, डेटाबेसमध्ये जे ठेवले ती माहिती. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी निरर्थक आहे.

दरपत्रकाचे पाहा. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) हे प्रमाण धरून ठरतो आणि त्याच्या वरखाली प्रत्येक पॉइंटला भाव चढतो-उतरतो. फॅट ३.० पासून ५.० पर्यंत आणि एसएनएफ ७.५ पासून ९.० पर्यंत, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने घेतले, तर २१ ओळी आणि १६ रकाने, म्हणजे ३३६ घरांचा तक्ता होतो. हा तक्ता अ‍ॅपमध्ये ‘सेटिंग्ज’ या पानावरून भरला जातो, म्हणून प्रोग्रॅमरच्या लेखी ते सेटिंग; सचिवांच्या लेखी मात्र ती त्यांनी बसून भरलेली आणि उत्पादकांच्या पैशांशी थेट बांधलेली माहिती. रीसेटमध्ये दरपत्रक गेले आणि त्या जागी मुळात भरून आलेला नमुना तक्ता आला, तर पावत्या छापल्या जातच राहतील, फक्त चुकीच्या भावाने. मूल्य रिकामे होण्यापेक्षा ते गुपचूप दुसरेच होणे जास्त घातक असते.

माझा ठोकताळा असा आहे : मूळ मूल्य अ‍ॅप बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर ते सेटिंग, मूल्य केवळ वापरणाऱ्याकडूनच मिळू शकत असेल, तर ती माहिती. या कसोटीला यंत्रांच्या जोडण्या मधल्या जागी पडतात, म्हणूनच त्यांचा उल्लेख चौकटीत सर्वांत आधी हवा. मोठ्या कंपन्यांच्या रचनेतही अशा सीमेवरच्या गोष्टी सापडतात. आयफोनवर सगळी सेटिंग्ज रीसेट केली, तर फोटो किंवा संदेश पुसले जात नाहीत. परंतु अ‍ॅपल पेमध्ये भरलेली कार्डे निघून जातात, आणि ‘सेटिंग’ या शब्दावरून तो अंदाज कोणालाही येणार नाही.

एकच ‘सगळे रीसेट करा’ पुरेसे आहे, की भाग पाडावेत?

भाग पाडावेत, मात्र थोडकेच. आयफोनवर सगळी सेटिंग्ज, नेटवर्क, कीबोर्डचा शब्दकोश, होम स्क्रीनची मांडणी, स्थान आणि गोपनीयता असे वेगवेगळे रीसेट आहेत आणि फोनमधील सगळा मजकूर पुसण्याचा पर्याय त्यांच्यापासून वेगळ्या ओळीत ठेवलेला आहे. अँड्रॉइडवरही नेटवर्क, अ‍ॅप प्राधान्ये आणि संपूर्ण फोन पुसणे हे वेगळे पर्याय आहेत. याचा लाभ असा, की प्रिंटर अडलेला माणूस ‘यंत्रांची जोडणी रीसेट करा’ एवढेच निवडतो आणि त्याच्या चौकटीत एकच वाक्य पुरते. चौकटीतला मजकूर आटोक्यात राहत नसेल, तर तो रीसेटचे भाग पाडण्याची वेळ आल्याचा इशारा समजावा.

बटणांवर कोणते शब्द असावेत?

‘होय’ आणि ‘नाही’ टाळावेत, कारण ते समजण्यासाठी वरचा प्रश्न वाचावा लागतो आणि तो वाचला जाईलच असे नाही. कृतीच्या बटणावर कृती लिहावी : ‘सेटिंग्ज रीसेट करा’. मराठीत दुसऱ्या बटणाची अडचण जास्त आहे. तेथे सवयीने ‘रद्द करा’ लिहिले जाते. परंतु जेथे सेटिंग्जच रद्द होणार आहेत, तेथे ‘रद्द करा’ म्हणजे रीसेट रद्द की सेटिंग्ज रद्द, हा प्रश्न खरोखर पडतो. ‘राहू द्या’ किंवा ‘आहे तसे ठेवा’ लिहिल्यास गोंधळ उरत नाही. ‘ठीक आहे’ हे बटण अशा चौकटीत मुळीच असू नये.

बटणांचा क्रम आणि रंग कसा ठेवावा?

क्रम त्या त्या प्रणालीवर सोपवावा आणि स्वतःची कल्पकता दुसरीकडे वापरावी. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ४.० पासून, म्हणजे २०११ पासून, पुढे जाण्याचे बटण उजवीकडे असते. त्याआधी ते डावीकडे होते. आयफोनवरही दोन बटणे शेजारी असतील, तर मागे फिरण्याचे बटण डावीकडे असते. ‘लोक न वाचता उजवे बटण दाबतात, म्हणून क्रम उलटा करू’ हा विचार दिसायला चतुर आहे, पण त्याने फक्त चुकांची दिशा बदलते.

रंगाबाबत आयफोनवर विध्वंसक कृतीच्या बटणासाठी वेगळी शैली उपलब्ध आहे आणि तिने अक्षरे लाल होतात. लाल रंग वापरावा, परंतु केवळ त्याच्या भरवशावर राहू नये, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे वापरकर्तेही असतात. अर्थ शब्दांतूनच कळला पाहिजे. आपोआप निवडलेले किंवा ठळक दिसणारे बटण सुरक्षित पर्यायाचे असावे. बोटासाठी जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयफोनवर किमान ४४ पॉइंट (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या मापाची एकके) असावी, असे दोन्हींचे मार्गदर्शन सांगते. दुधाने ओल्या झालेल्या हातांनी चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये दोन बटणांतील अंतरही थोडे सढळ ठेवावे, आणि बटणे एकाखाली एक लावली तर उत्तमच.

चौकटीबाहेर टॅप केले, ‘मागे’ गेले किंवा फोन आडवा केला तर काय व्हावे?

पहिल्या दोन्हींचा अर्थ ‘राहू द्या’ असाच घ्यावा. फोन आडवा केल्यावर चौकट नाहीशी होऊ नये आणि दोनदा उघडूही नये. अँड्रॉइडवर स्क्रीन फिरली की अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे समोर दिसणारा पडदा) नव्याने बांधली जाते, म्हणून चौकटीची स्थिती जतन करणे ही प्रोग्रॅमरची जबाबदारी आहे. चौकट उघडी असताना फोन आला आणि अ‍ॅप मागे गेले, तर परतल्यावर चौकट दिसावी किंवा बंद झालेली असावी. रीसेट झालेले मात्र कोणत्याही परिस्थितीत असू नये.

खातरजमेसाठी ‘रीसेट’ असा शब्द टाइप करायला लावावा का?

सेटिंग्जसाठी नाही. प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर एखादी रिपॉझिटरी, म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा साठा, पुसताना तिचे नाव टाइप करावे लागते. तेथे अनेकांचे काम एका टॅपने जाऊ शकते, म्हणून तो अडथळा योग्य ठरतो. मोबाइलवर, त्यातही कीबोर्ड मराठी असताना, ‘रीसेट’ की ‘रिसेट’ यावर माणूस अडून बसेल आणि अ‍ॅपला नावे ठेवील. फोन अनेकांच्या हाती जात असेल, जसा संकलन केंद्रावर जातोच, तर टाइप करण्याऐवजी सचिवांचा पिन विचारावा. त्यामुळे कृती कोणी केली याचाही निकाल लागतो.

‘हे पुन्हा विचारू नका’ असा पर्याय द्यावा का?

देऊ नये. रोज उघडणाऱ्या चौकटीसाठी तो पर्याय योग्य. क्वचित होणाऱ्या कृतीसाठी तो ठेवला, तर दोन वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या हातून, काही न विचारता, रीसेट होईल.

विचारण्याऐवजी केलेले मागे घेण्याची सोय दिली तर चालेल का?

चालेल, आणि बहुतेक वेळा तेच जास्त चांगले. समज चुकलेली असते तेव्हा चूक लक्षात येते ती कृती झाल्यानंतर, काटा वजन दाखवेनासा होतो तेव्हा. त्या वेळी चौकट केव्हाच मिटलेली असते. सेटिंग्ज हा आकाराने लहान ऐवज असतो, बऱ्याचदा काही किलोबाइटचा, म्हणून रीसेटच्या आधी त्यांची प्रत बाजूला ठेवणे अजिबात महाग नाही. ती प्रत फोनवरच ठेवावी, तिला तारीख-वेळ जोडावी आणि रीसेटच्या पानावरच ‘आधीची सेटिंग्ज परत आणा’ ही ओळ दाखवावी.

‘पूर्ववत करा’ असे बटण असलेली तळाची पट्टी मात्र या कामाला अपुरी आहे. अँड्रॉइडच्या मटेरियल या रचनासंचातील स्नॅकबारची, म्हणजे अशा पट्टीची, ‘लांब’ मुदत पावणेतीन सेकंदांची आहे. जेटपॅक कंपोज या अँड्रॉइडचे पडदे बांधण्याच्या नव्या संचात ती १० सेकंद आहे. पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी जीमेल जास्तीत जास्त ३० सेकंद देते आणि मेलच्या बाबतीत ते पुरते, कारण चूक तत्काळ डोळ्यांपुढे येते. सेटिंग्जची चूक दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता कळते. म्हणून प्रत निदान काही दिवस राहावी आणि दुसऱ्यांदा रीसेट केल्यास पहिली प्रत पुसली जाऊ नये, कारण गोंधळलेला माणूस तेच बटण पुन्हा दाबतो. पट्टी दाखवायचीच असेल, तर अँड्रॉइड १० पासून वापरकर्त्याने सुगम्यतेच्या सेटिंग्जमध्ये निवडलेली मुदत अ‍ॅपला विचारून घेता येते, ती पाळावी.

अशी प्रत ठेवली म्हणजे चौकट अनावश्यक ठरते का? जोडण्यांच्या बाबतीत नाही. काही यंत्रांची जोडणी प्रत परत आणूनही सुरू होत नाही, नव्याने पिन टाकावा लागतो. जे खरोखर परत आणता येत नाही, तेवढ्यापुरतीच चौकट ठेवावी. उलट, प्रत असतानाही ‘ही क्रिया पूर्ववत करता येणार नाही’ असे लिहिणे म्हणजे वापरकर्त्याला खोटे सांगणे होय.

रीसेट केल्यावरही सूचनांचा आवाज जुनाच राहतो, ही त्रुटी आहे का?

त्रुटी प्रणालीची नाही, चौकटीतील मजकुराची असू शकते. अँड्रॉइड ८.० पासून सूचनांसाठी वेगवेगळे मार्ग, म्हणजे नोटिफिकेशन चॅनेल, आले. चॅनेल एकदा तयार झाले, की त्याचा आवाज, कंपन आणि महत्त्व यांवर वापरकर्त्याचा ताबा असतो. अ‍ॅपला ते मनाप्रमाणे बदलता येत नाहीत. चॅनेल पुसून त्याच ओळखीने पुन्हा तयार केले, तरी जुनीच सेटिंग्ज परत येतात. कॅमेरा किंवा स्थान यांच्या परवानग्याही प्रणालीच्या हाती असतात. त्यामुळे ‘सर्व काही मूळ स्थितीत येईल’ असे आश्वासन अ‍ॅपने देऊ नये. ‘सूचनांचा आवाज आणि परवानग्या फोनच्या सेटिंग्जमधून बदलता येतील’ असे एक वाक्य द्यावे आणि तेथे नेणारी ओळ रीसेटच्या पानावर ठेवावी. खुद्द चौकटीत ती नको, कारण तिसरे बटण आले की निवड अवघड होते.

सेटिंग्ज अनेक फोनवर एकत्र राहत असतील तर?

तर चौकटीत ते सांगितलेच पाहिजे : ‘या खात्याच्या सर्व फोनवर’ किंवा ‘फक्त या फोनवर’. शंका असेल तेथे रीसेट फक्त हातातल्या फोनपुरते ठेवावे. इंटरनेट नसताना केलेले रीसेट रात्री रेंज आल्यावर दुसऱ्या फोनवर जाऊन आदळणे, हा प्रकार शोधून काढण्यास फार अवघड जातो.

मराठी मजकूर बसवताना आणि स्क्रीन रीडरसाठी कोणती काळजी घ्यावी?

‘सेटिंग्ज रीसेट करा’ हे बटण मोठ्या अक्षरांत शेजारी-शेजारी मांडणीत बसत नाही आणि ‘सेटिंग्ज री…’ असे तुटते. तुटलेले बटण म्हणजे न लिहिलेले बटण. फोनचा अक्षरांचा आकार कमाल ठेवून पाहावे. ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापाने ठरवले असेल, तर वरच्या वेलांट्या आणि रफार किंवा खालचे उकार कापले जातात. मजकूर लांबला, तर तो सरकवता यावा आणि बटणे मात्र दिसत राहावीत. चौकट उघडताच टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन) या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने आधी शीर्षक, मग मजकूर आणि शेवटी बटणे वाचावीत. सुरुवातीलाच फोकस ‘रीसेट’च्या बटणावर जाऊन थांबला, तर ऐकणाऱ्याला परिणाम कळण्यापूर्वीच बटण हाती येते.

चौकट चांगली झाली आहे हे कसे तपासावे?

कार्यालयातील सहकाऱ्यांना दाखवून ते कळत नाही, कारण त्यांना उत्तर आधीच माहीत असते. प्रत्यक्ष वापरणाऱ्या चार-पाच जणांच्या हाती अ‍ॅप द्यावे, ‘प्रिंटर चालत नाही, काय कराल?’ एवढेच विचारावे आणि ते स्वतःहून रीसेटपर्यंत पोहोचतात का ते पाहावे. चौकट उघडून त्यांनी निवड केली, की फोन पालथा ठेवून विचारावे, ‘आता काय काय गेले असेल?’ सभासदांच्या नोंदी गेल्या असे कोणी म्हणाले, तर ‘काय राहील’ हे वाक्य नीट उतरलेले नाही. काट्याचा उल्लेख कोणाच्याच बोलण्यात आला नाही, तर ‘काय जाईल’ हे वाक्य वर आणावे.

अ‍ॅप वापरात आल्यावर एक आकडा पाहत राहावे : रीसेट करणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर ‘आधीची सेटिंग्ज परत आणा’ वापरले. तो वाढत असेल, तर चौकटीचा मजकूर बदलण्यापूर्वी त्यांनी रीसेट का केले हे विचारावे. बऱ्याच वेळा असे आढळते, की त्यांना प्रिंटरची नुसती पुन्हा जोडणी करायची होती आणि तशी ओळ प्रिंटरच्या पानावर नव्हतीच.